जेल नेलपॉलिश उन्हात सुकवू नका, चिकट राहिलेलं तर बोटांवर ठेवूच नका

'जेल नेलपॉलिश सुकत नाही? पार्लरमध्ये पैसे घालवू नका' असा एक मेसेज सध्या नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, भिशीच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात सांगितलंय की जेल पक्कं करायचा खास दिवा नसेल तर उन्हात नाहीतर नोटा तपासायच्या टॉर्चखाली हात धरा, दिवा कुठलाही चालतो, वॅट तेवढे जास्त बघा, एकच जाड थर लावा, मग बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवा, आणि एवढं करूनही चिकट राहिलं तर वर पावडर लावून दोन दिवस सोडा, हवेने आपोआप पक्कं होतं.

माझ्या धाकट्या जावेने हे वाचून साखरपुड्याला लावलेलं मरून जेल गच्चीत उन्हात बसून 'पक्कं' केलं. पुढच्या सणाला पुन्हा तेच. त्यानंतर नखांभोवतीची कातडी लाल झाली, खाजायला लागली, बोटांच्या टोकांना भेगा पडल्या. मी नखांचंच काम करते, त्यामुळे हे बघून गप्प बसवत नाही.

आधी बर्फाच्या पाण्याचं. साधं नेलपॉलिश सुकतं म्हणजे त्यातलं द्रावण उडून जातं आणि रंग मागे राहतो. जेलमध्ये असं काही उडून जायचं नसतं. त्यातले अ‍ॅक्रिलेट आणि मेथाक्रिलेट जातीचे छोटे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन घट्ट होतात, आणि ही गुंफण सुरू करणारा घटक ठरावीक प्रकाश पडल्यावरच जागा होतो. म्हणून पाणी, पंखा, हेअर ड्रायर, फुंकर यांतलं काहीच जेलला लागू नाही. उलट, बाटलीवर नुसतं 'जेल शाइन' किंवा 'जेल इफेक्ट' लिहिलेलं असेल तर ते बहुतेक साधंच पॉलिश असतं. ते दिव्याखाली तासभर ठेवलं तरी दिव्याने काही होणार नाही. बाटलीवर दिव्याचा उल्लेख आहे का, हे आधी वाचा.

'दिवा कुठलाही चालतो' हेही चूक. जुन्या नळीच्या यूव्ही दिव्यांना एका थराला साधारण दोन मिनिटं लागायची, एलईडीला तीस ते साठ सेकंद लागतात. आताचे बरेचसे एलईडी दिवे ३६५ आणि ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असा दोन्ही प्रकारचा प्रकाश देतात, काही स्वस्त दिवे एकाच प्रकारचा देतात. जेलमधल्या घटकाला लागतो तो प्रकाश तुमच्या दिव्यात नसेल, तर वेळ दुप्पट करूनही आतला भाग कच्चाच राहतो. त्यात भर म्हणजे युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ या घटकावर बंदी घातली आहे. हाच घटक अनेक जेलमध्ये ही गुंफण सुरू करायचा. त्यामुळे त्याच कंपनीची नवी बाटली तुमच्या जुन्या दिव्याखाली वेगळी वागू शकते. वॅटचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. यूएसबीवर चालणारा, माउसएवढा दिवा काळ्या किंवा गडद रंगाला पुरत नाही, हे मी रोज बघते. पण खोक्यावरचा वॅटचा आकडा वीज किती खाल्ली ते सांगतो. नखावर कुठला प्रकाश किती पडला, ते त्यातून कळत नाही.

जाड थराबद्दल थोडक्यात. रंगद्रव्य प्रकाश अडवतं. वरचा पापुद्रा घट्ट होऊन आकसतो, खालचं ओलंच राहतं, आणि सायीसारख्या सुरकुत्या पडतात. काळा, पांढरा आणि मरून हे रंग यात सर्वात त्रास देतात. बाटली हातात घोळवून घ्या, पातळ थर लावा, प्रत्येक थर वेगळा क्युअर करा, म्हणजे दिव्याखाली पक्का करा. अंगठा चार बोटांबरोबर ठेवला की आडवा पडतो आणि त्याच्या एका कडेला प्रकाश पोचत नाही, म्हणून तो नंतर स्वतंत्र ठेवा.

आता उन्हाचं. उन्हात यूव्ही-ए, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार असतो आणि जेल उन्हात घट्ट होतं, हे मान्य. खिडकीत राहिलेली बाटली म्हणूनच खराब होते. पण ऊन ढगाबरोबर, वेळेबरोबर, हाताच्या कोनाबरोबर बदलतं. बोटाने दाबून कडक लागलं म्हणजे खालपर्यंत पक्कं झालं, असा अर्थ होत नाही. टॉर्चचंही तेच.

मेसेजमधला शेवटचा सल्ला सर्वात घातक आहे. क्युअर झाल्यावर वर जो पातळ चिकट थर राहतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे राहतो, आणि बऱ्याच जेलमध्ये तो असायचाच. न पुसायचा टॉप कोट नसेल तर धागे न सुटणाऱ्या पॅडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो पुसायचा. पुसल्यावर खाली कडक, चकचकीत जेल दिसलं तर काम झालं. पण पॅडवर रंग उतरला, किंवा लाकडी काडीने कडेला हलकं दाबल्यावर खळगा पडला, तर ते कच्चं आहे. असं जेल दोन दिवसांत हवेने पक्कं होत नाही. त्यातले सुटे रेणू, विशेषतः हेमा (HEMA) नावाचं मेथाक्रिलेट, तेवढा वेळ कातडीला लागत राहतात. वरून पावडर लावल्याने चिकटपणा झाकला जातो, धोका तसाच राहतो.

ब्रिटिश असोसिएशन ऑफ डर्मॅटोलॉजिस्ट्स या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या त्वचारोग विभागांत तपासलेल्या ४,९३१ रुग्णांपैकी २.४ टक्के जणांना अ‍ॅक्रिलेट-मेथाक्रिलेट गटातल्या किमान एका रसायनाची अ‍ॅलर्जी निघाली. ही अ‍ॅलर्जी जन्मभर राहू शकते. पुढे दाताचं पांढरं फिलिंग किंवा सांधा बदलायची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर तीच रसायनं तिथेही आडवी येतात. त्यांनी सांगितलेली काळजी अगदी साधी होती: त्या पॉलिशसाठी सांगितलेलाच दिवा वापरा, सांगितलेला वेळ पाळा, जेल कातडीला लागू देऊ नका. 'पार्लरचे पैसे वाचवा' म्हणून पाठवलेल्या मेसेजमध्ये यातलं एक वाक्य नाही.

जेल कच्चं राहिलं असेल तर आजच काढा. कोरडं घासू नका, कच्च्या जेलची भुकटी कातडीवर बसते. अ‍ॅसिटोनच्या पॅडने नखाच्या टोकाकडे पुसत न्या, प्रत्येक बोटाला नवा पॅड घ्या. खाज, लाली किंवा भेगा असतील तर जेल पूर्ण बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना बाटली आणि खोकं सोबत न्या, म्हणजे पॅच टेस्ट (कातडीवर रसायन लावून अ‍ॅलर्जी बघायची चाचणी) कशाची करायची ते त्यांना ठरवता येईल. अ‍ॅलर्जी निघालीच, तर दाताच्या डॉक्टरांनाही आठवणीने सांगा.