मुकादमाच्या नावावरची बाकी

नमस्कार,

मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) हिशेबाच्या जुन्या मातीच्या पाट्यांवरच्या माझ्या लेखावर इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबवतो. तुमचे आक्षेप दोन. या पाट्या 'भट्टीत भाजलेल्या' असं मी लिहिलं, ते चूक. आणि पाट्यांवरचे जव-मेंढ्यांचे हे हिशेब राजवाड्याने नि देवळाने ठेवलेले, त्यात मला सामान्य माणूस दिसतो हा भाबडेपणा.

पहिलं कबूल. बहुतेक पाट्या नुसत्या वाळवलेल्या असत. इमारतीला आग लागली तर आतल्या आयत्याच भाजून निघत. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरं निम्मंच कबूल. मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या तिसऱ्या राजवंशातले (इ.स.पू. सुमारे 2100 ते 2000) तिथल्याच उम्मा शहराचे जमाखर्च घ्या. मुकादमाच्या हाताखाली किती माणसं, म्हणजे त्याच्याकडून किती दिवसांचं काम येणं, हे आधी मांडायचं. मग झालेलं काम, कालव्याची खोदाई असो की दळण, दिवसांत मोडून त्यातून वजा करायचं. तूट आली की ती मुकादमाच्या नावावर, आणि पुढच्या वर्षाच्या हिशेबात पहिली ओळ तिचीच. तो मेला तरी सुटका नाही. वसुली घरच्यांवर येई. दळणाऱ्या बाईला महिन्याचा शिधा साधारण 30 लिटर जव, पुरुषाला 60. तिचं म्हणणं या पाटीत कुठेच नाही, हे तुमचं बरोबर. पण तिच्या पोटात किती जात होतं ते आहे, आणि ते मालकानेच लिहून ठेवलंय! एवढ्यावरून 'दिसते' म्हणणं मला तरी जास्त वाटत नाही.

शिवाय सगळ्याच पाट्या सरकारी नव्हत्या. माझी खरी चूक ही, की उम्मा आणि कानेश मी मूळ लेखात एकाच परिच्छेदात कोंबले. कानेश म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं कुलतेपे. तिथल्या 20 हजारांहून अधिक पाट्या बहुतांशी खासगी व्यापाऱ्यांच्या, इ.स.पू. 1900च्या आसपासच्या. मेसोपोटेमियातल्या अश्शूर शहरातून तिथे गाढवांवर कथील नि कापड यायचं, आणि त्यातलं बरंच कापड अश्शूरला मागे राहिलेल्या घरच्या बायका विणायच्या. त्यांतलीच एक लमस्सी. नवरा पुशू-केन कानेशला बसून तिच्या कापडाला नावं ठेवत होता. तिने उलट विचारलं: तुझ्या घरात राहून माझ्या कापडाला नावं ठेवणारा हा आहे तरी कोण? दर खेपेला निदान 10 शेकेल (शेकेल म्हणजे सुमारे 8 ग्रॅमचं वजन) चांदी तुझ्या घरात यावी म्हणून मी इथे खपते आहे.