स्कोप चालला नाही, सुडो मात्र गेलं

परवा रात्री भाचीचा फोन. “मावशी, लॅपटॉपवर सुडो चालेनासं झालंय. माझं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही म्हणतोय.” सुडो म्हणजे लिनक्सवर रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने आज्ञा चालवण्याची सोय; सुडोअर्स म्हणजे तो हक्क असलेल्यांची यादी. तिला फक्त ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी मोजून दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) यूएसबीने जोडून त्यातले आकडे पायथनमध्ये घ्यायचे होते. ‘परमिशन डिनाइड’ आलं आणि तिने ग्रुपवर फिरणारा मेसेज उघडला: ‘लिनक्सवर कुठलंही उपकरण चालू करण्याचे सहा हमखास उपाय.’ हा मेसेज मलाही तीनदा आलाय. दरवेळी दुर्लक्ष केलं, आता करणार नाही.

तिला नडला तो चौथा उपाय. ‘यूझरमॉड, डॅश कॅपिटल जी, डायलआउट, पुढे आपलं यूझरनेम.’ यूझर कुठल्या गटांत आहे ते यूझरमॉड बदलतं, आणि गटावरून त्याचे हक्क ठरतात. इथे कॅपिटल जीच्या आधीचा स्मॉल ए गाळलाय. तो नसेल तर या आज्ञेचा अर्थ होतो, मुख्य गट सोडून बाकीच्या सगळ्या गटांतून काढा आणि एवढ्या एकाच गटात ठेवा. यूझरमॉडच्या मॅन पेजवर, म्हणजे माहितीपानावर, हे स्वच्छ लिहिलंय: यादीत नाव नसलेल्या गटांतून यूझर काढला जातो, ते टाळायचं तर ए द्या. उबंटूवर सुडोचा हक्क ‘सुडो’ याच नावाच्या गटातून मिळतो. पोरगी लॉगआउट करून परत आली तेव्हा तो हक्क गेलेला होता. मग रिकव्हरी मोड, रूट शेल, आणि फोनवर एकेक अक्षर सांगत पाऊण तास.

बरं, हा उपाय नीट लिहिला असता तरी तिच्या कामाचा नव्हता. डायलआउट गट सिरियल पोर्टांसाठी असतो, म्हणजे टीटीवाययूएसबी, टीटीवायएसीएम वगैरे. डेबियन, उबंटू, फेडोरावर तो डायलआउट, आर्चवर यूयूसीपी. तिचा स्कोप यूएसबीटीएमसी जातीचा, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांसाठीची यूएसबीची वेगळी पद्धत. लिनक्स प्रत्येक उपकरण फाइलीच्या रूपात दाखवतं त्या डेव्ह डिरेक्टरीत तो ‘यूएसबीटीएमसी०’ या नावाने दिसत होता. फाइलीच्या परवानग्या दाखवणारं ‘एलएस डॅश एल’ करायला लावलं तर मालक रूट, गटही रूट, आणि वाचण्या-लिहिण्याची मुभा एकट्या मालकाला. डायलआउटचा तिथे संबंधच नाही. मेसेज लिहिणाऱ्याने वाचकाला ही एक ओळ आधी बघायला सांगितली असती, तर निम्मे उपाय लिहावेच लागले नसते.

आता दुसरा उपाय, ज्याने माझं डोकं खरोखर तापलं. ‘सीएचमॉड डॅश कॅपिटल आर ७७७’, म्हणजे आतल्या प्रत्येक फाइलीवर सगळ्यांना सगळे हक्क, आणि तेही अख्ख्या डेव्ह डिरेक्टरीवर! अहो, तिथे फक्त तुमचा स्कोप राहत नाही. तुमची हार्डडिस्क तिथे आहे, सबंध. कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ तिथल्याच एका फाइलीतून जाते. डिस्कची फाइल सगळ्यांना उघडली की डिस्कवरच्या एकाही फाइलीच्या परवानगीला अर्थ उरत नाही, कारण कोणीही थेट खालच्या थरातून वाचतो, आणि चुकून लिहिलं तर फाइल सिस्टिमच जाते. ‘लॅपटॉप माझा एकटीचा आहे’ असं भाची म्हणाली. पण त्यावर छपाईची, नेटवर्कची अशी किती कामं वेगवेगळ्या कमी हक्कांच्या खात्यांवर चालतात. ती खाती वेगळी ठेवलीत ती याच भीतीने.

यातला सगळ्यात अडाणी भाग पुढे आहे. डेव्ह डिरेक्टरी मेमरीत असते. वायर काढून परत लावली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या उपकरणाची फाइल नव्याने बनवतो, जुन्याच परवानग्यांसह. हे मेसेजवाल्याच्याही लक्षात आलं असावं, म्हणून तो म्हणतो की ही आज्ञा स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाका. म्हणजे होईल काय? मशीन सुरू होताना डिस्क सताड उघडी पडेल, आणि नंतर जोडलेला स्कोप बंदच राहील! वर ७७७ मधला ‘चालवण्याचा’ हक्क उपकरणाच्या फाइलीला लागूच होत नाही, तिथे वाचणं आणि लिहिणं एवढंच असतं.

यासाठी यूडेव्ह आहे, उपकरण जोडताच त्याला नियमाप्रमाणे परवानग्या लावणारी लिनक्समधली व्यवस्था. एलएसयूएसबी या आज्ञेतून उपकरणाचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक घ्यायचा, नियमांच्या डिरेक्टरीत एक ओळीची फाइल टाकायची, तेवढ्याच उपकरणाला ‘यूअ‍ॅक्सेस’चा टॅग लावायचा. मशीनसमोर बसून लॉगइन केलेल्याला परवानगी मिळते. फाइलीच्या नावातला आकडा ७३ पेक्षा कमी हवा, नाहीतर टॅग लागूनही काही होत नाही. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने, काम करणाऱ्याने टॅगऐवजी गट नेमावा.

बाकीचे उपाय. ‘प्रोग्राम सुडोने चालवा’: मग मोजमापांच्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच तुम्हाला बदलता येत नाहीत. ‘लिनक्समध्ये ड्रायव्हर नसतात, कंपनीकडून उतरवा’: सीएच३४०, एफटीडीआय, सीपी२१० मालिका या यूएसबी-सिरियल चिपा, आणि यूएसबीटीएमसी, सगळ्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. ‘सिक्योर बूट बंद करा’: यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. बाहेरून बांधलेलं, डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा, जसा ड्रायव्हर) सिक्योर बूट चालू असताना नाकारलं जातं. पण मोकयूटिल या साधनाने स्वतःची की नोंदवून मॉड्यूलवर सही करता येते. आणि भाचीला बाहेरचं मॉड्यूल लागतच नव्हतं.

‘बीआरएलटीटीवाय उडवा, निरुपयोगी पॅकेज’ हे वाक्य मात्र मला लागलं. उबंटू २२.०४ वर ते सीएच३४० चिपला ब्रेल डिस्प्ले समजून पकडतं आणि टीटीवाययूएसबी० दिसून लगेच नाहीसा होतो, हे खरं आहे. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, त्याचं नावही येतं. पण या पॅकेजमुळे दृष्टिहीन माणसाला ब्रेलवर स्क्रीन वाचता येतो. त्याच्या यूडेव्ह नियमांतली १ए८६:७५२३ या सीएच३४० च्या क्रमांकाची ओळ कॉमेंट, म्हणजे निष्क्रिय, केली की भागतं. एखाद्या प्रयोगशाळेतल्या सामायिक मशीनवरून कोणी ते सरसकट काढून टाकलं, तर ज्याचा स्क्रीन गेला त्याला कोण सांगणार?

भाचीचा नियम एका ओळीचा झाला. यूडेव्हअ‍ॅडमने नियम परत वाचायला लावले, वायर काढून लावली, आणि स्कोपने सुडोशिवाय स्वतःचं नाव आणि मॉडेल क्रमांक पाठवला.