लॅपटॉप चालू होत नाही? आधी पाकीट काढा

बटण दाबूनही लॅपटॉप ढिम्म हलत नाही असं दिसलं, की पहिलं काम निदान जाहीर करण्याचं. ‘मदरबोर्ड गेला.’ हे घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं. त्यातून जाणकारपणा दिसतो आणि पुढचा अर्धा तास कुणी तुम्हाला कोथिंबीर आणायला पिटाळत नाही. भिंतीवरच्या सॉकेटकडे मात्र चुकूनही बघू नये. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असतं आणि बिल वाढू नये म्हणून रात्री आईने ते बंद केलेलं असतं. पण इंजिनिअर माणसाने इतक्या खालच्या पातळीवरून तपास सुरू करणं शोभत नाही. शिवाय तिथेच मोबाइल चार्जिंगला लावून पाहिलात तर करंट येतोय की नाही हे लगेच कळेल, आणि पुढच्या सगळ्या मजेला मुकाल.

चार्जरचंही तेच. काळ्या ठोकळ्यात खोचलेली वायर अर्धवट निसटलेली असते, ती दाबून बसवू नये. ठोकळ्यावर बारीक अक्षरांत 19.5 व्होल्ट, 3.34 अँपिअर असं काहीबाही छापलेलं असतं. ते वाचण्यासाठी चष्मा शोधत बसायची गरज नाही. गुणाकार केला तर 65 वॅट येतात, पण गुणाकार शाळेतच संपले. तुमच्या लॅपटॉपला टाइप-सी असेल तर उत्तमच. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, अशी श्रद्धा ठेवून मोबाइलचा 18 वॅटचा चार्जर रात्रभर लावावा आणि सकाळी मदरबोर्डला शिव्या घालाव्यात.

एक घातक उपाय जवळपास सगळ्या कंपन्या स्वतःच्याच मदतपानांवर देतात, तेव्हा सावध राहा. चार्जर काढायचा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढायची, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, मग फक्त चार्जर लावून चालू करून बघायचं. आत उरलेला चार्ज निघून जातो आणि पॉवर सांभाळणारा अडकलेला कंट्रोलर नव्याने सुरू होतो, असं म्हणतात. पण अर्धा मिनिट बटणावर बोट ठेवून बसलेला माणूस कसा दिसतो, याचा विचार करा! दुकानात हेच काउंटरमागच्या पडद्याआड करतात आणि बिलावर त्याला ‘बोर्ड सर्व्हिसिंग’ म्हणतात. तिकडे त्याला एक दर्जा आहे.

आता खरी मेख. लॅपटॉप बंद आहे की नुसतं दिसत नाहीये, हा प्रश्न स्वतःला कधीही विचारू नये. पंखा फिरतोय, कॅप्स लॉक दाबला की दिवा लागतोय, विंडोज उघडल्याचा आवाजसुद्धा आला, तरी स्क्रीन काळी म्हणजे यंत्र मेलं, एवढं धरून चालावं. काळ्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारला आणि आत पुसटसा डेस्कटॉप दिसला, तर फक्त मागचा उजेड गेलाय असं कळतं. एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडलं आणि टीव्हीवर सगळं व्यवस्थित दिसलं, तर बोर्ड ठणठणीत असल्याचंच सिद्ध होतं. मग तुम्ही सकाळी घरात केलेल्या घोषणेचं काय? झाकण मिटलंय की उघडं, हे बऱ्याच लॅपटॉपना लोहचुंबकावरून कळतं. त्यामुळे चुंबकाच्या कव्हरचा मोबाइल कीबोर्डशेजारी ठेवला तरी काही यंत्रं झोपी जातात. मोबाइल तिथेच राहू द्या.

यंत्र कधीकधी स्वतःच्या तोंडाने सांगू पाहतं. डेलचा दिवा नारिंगी-पांढरा असा मोजून लुकलुकतो, एचपीचा कॅप्स लॉकचा दिवा मिचमिचतो, काही बिचारी बीप-बीप करतात. किती वेळा, कोणत्या रंगात, हे मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडलं तर रॅम (आतली मेमरीची पट्टी) सैल झालीय की आणखी काही, याचा अंदाज येतो. जुलैत कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या पट्टीला ओल धरते. काही वेळा ती काढून, पुसून, परत बसवली की काम भागतं. पण आपण दुकानात एवढंच सांगावं: ‘काहीतरी लाइट मारतोय.’

हो, एक अपवाद लिहून ठेवा. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, जळका वास येत असेल किंवा कीबोर्डवर पाणी सांडलं असेल, तर मात्र दुकानाची पायरी चढू नये. तेव्हाच तुमच्यातला काटकसरी माणूस जागा झाला पाहिजे. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, ती लगेच वापरातून काढायची असते, वगैरे भित्र्यांच्या गोष्टी. ओला लॅपटॉप तांदळाच्या डब्यात उभा करावा आणि दर तासाला ‘आता झाला का चालू?’ म्हणून बटण दाबत राहावं.

बाकी सगळ्या वेळी थेट मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड किंवा आपापल्या गावातला त्याचा अवतार गाठावा. तळाशी चिकटवलेला नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी आहे का ते पाहू नका. ऑन-साइट वॉरंटी निघाली तर माणूस घरी येतो, त्याला चहा करावा लागतो. काउंटरवर संवाद साधारण असा व्हावा:

‘काय झालंय, साहेब?’

‘काल चालू होता, आज बंद. तुम्हीच बघा काय ते.’

‘चहाबिहा सांडला होता का?’

‘छे छे!’

तो मागचं झाकण उघडतो. आत पंख्याच्या कडेला साखरेचा तपकिरी, चिकट थर, त्यात एक मुंगी. तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही त्याच्या कॅलेंडरकडे बघता. प्रामाणिक कारागीर अजूनही ते साफ करून हजाराच्या आत बिल करेल, म्हणून पटकन म्हणावं, ‘मदरबोर्ड ना?’ बारा हजारांचा आकडा आता तुम्हीच त्याच्या तोंडात घातलात.

अंदाजपत्रक लेखी मागू नका, जुना पार्ट परत मागू नका. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आणि सरकारने डिसेंबर 2022 मध्ये सुरू केलेलं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल, दोन्ही विसरून जा. बोर्ड मेला तरी बहुतेक लॅपटॉपमधली एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी पट्टी, एका स्क्रूवर बसलेली असते, ती काढून फोटो वाचवता येतात, हेही ऐकलं न ऐकल्यासारखं करा. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं तो म्हणाला, तर ज्याला करंटच जात नाही त्याला फॉरमॅट कसा मारणार, असं विचारून वातावरण बिघडवू नका. उलट पासवर्ड चिठ्ठीवर लिहून झाकणालाच चिकटवा.

आणि शेवटी तो मायेने म्हणेल, ‘साहेब, यात पैसे घालू नका. नवीन घ्या. याचे दीड हजार मी देतो, तेही तुम्ही म्हणून.’ लगेच हो म्हणा. पंधरा दिवसांनी त्याच रस्त्याने जाताना काचेत डोकावा. तुमचाच लॅपटॉप, तुमच्या मुलीने लावलेल्या डोरेमॉनच्या स्टिकरसकट, झगझगीत चालू. शेजारी पाटी: ‘सिंगल हँड यूज्ड, एकदम कंडिशनमध्ये, 14,000.’ घासाघीस केलीत तर पाचशे कमी करेल. चार्जरचे पैसे वेगळे.