दिनक्रम लवचिक हवा, पण वाकायचे कोणी?

दिनक्रमाचे तक्ते बहुधा अशा घरासाठी आखलेले असतात, जिथे नळाला रोज ठरल्या वेळी पाणी येते आणि घरातली सगळी माणसे एकाच सुमारास बाहेर पडतात. आपल्या खानदेशातल्या किती घरांना ते लागू पडतात? कितीतरी गावांत पाणी काही दिवसांआड येते, तेही कधी पहाटे तर कधी निजानीज झाल्यावर. शेतीपंपांची लाईट चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असे रेल्वेने अपडाऊन करणाऱ्यांचा दिवस गाडी ठरवते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर गेला की दुपारची कामे सकाळीच उरकावी लागतात. अशा घरात ‘सहाला हे, साडेसहाला ते’ असा कागद भिंतीवर चिकटवला, तर तो आठवडाभरही टिकत नाही आणि घराला शिस्त नाही हा ठपका मात्र घरातल्या बाईवर येतो.

म्हणून माझे मत असे आहे की घड्याळाच्या वेळांऐवजी कामांचा क्रम ठरवावा आणि न हलवायच्या गोष्टी अगदी मोजक्या ठेवाव्यात. आमच्या घरी त्या दोनच आहेत : मुलांची झोप आणि रात्रीचे एकत्र जेवण. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढे अठरापर्यंत ८ ते १० तास झोप लागते, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले, त्यामागेही मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. सकाळचा हा वाचलेला वेळ शिकवणीला देऊन टाकणाऱ्या पालकांचे मला मनापासून वाईट वाटते.

बाकी सगळे हलते राहू द्यावे. आमच्या दिरांची रात्रीची लाईट असली, की ते केळीच्या बागेला पाणी देऊन उजाडताना घरी येतात आणि मधल्या खोलीत झोपतात. त्या दिवसांत चटणी आदल्या संध्याकाळीच वाटून ठेवलेली असते, सकाळी मिक्सर लावायचा नाही, आणि धाकटीला शाळेत सोडण्याचे त्यांचे काम नववीतला मुलगा सायकलवर करतो. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, भाकरी आधी होतात, कारण नवऱ्याची भुसावळची गाडी कोणासाठी थांबत नाही; दिरांचे ताट झाकून ठेवलेले असते. ही सगळी अदलाबदल रात्री जेवताना दहा मिनिटांत ठरते. एकत्र जेवणाचा मी आग्रह धरते तो एवढ्यासाठीच : उद्या कोणाला काय अडचण आहे, हे सगळ्यांना एकदमच कळते.

मात्र लवचिकतेच्या नावाखाली एकच बाई दिवसभर वाकत असेल, तर त्याला मी दिनक्रम म्हणणार नाही. देशपातळीवरच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले, म्हणजे दोघांचाही वेळ घटला, दरी मात्र जवळपास तशीच राहिली. पाणी कधीही आले तरी उठायचे तिनेच, पाहुणे आले तर झोप मोडायची तिचीच, ही रीत जिथे आहे तिथे उत्तम तक्ताही तिच्या कामात भरच घालतो. काम माणसाला बांधून न ठेवता प्रसंगाला बांधावे. आमच्याकडे नळ आला की जो जागा असेल त्याने मोटार लावायची, पिण्याचे पाणी गाळून भरायचे आणि पिंपावर झाकण ठेवूनच झोपायचे. सासूबाईंना मुलग्यांनी हंडे भरणे सुरुवातीला रुचले नव्हते. आता त्या स्वतःच नातवाला हाक मारतात.

कापसाची वेचणी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येणाऱ्या लेकीबाळी, कानबाईच्या सणाचे रोट या काळात नेहमीचा क्रम चालणार नाही, हे आधीच मान्य करावे. त्या दिवसांत स्वयंपाक साधा ठेवावा, वरण-भात किंवा खिचडीवर भागवावे, कपड्यांच्या घड्या राहिल्या तर राहू द्याव्यात. मुलांचे अंथरूण मात्र रोजच्या वेळेलाच घातले जावे, पाहुण्यांनी घर भरलेले असले तरी.