मालकाचं उत्तर: ‘वीस मिनिटांचं काम आणि तीन दिवस गाडी’

साहेब, नमस्कार. गाडीला उशीर झाला, देवासहून तुमची एक फेरी फुकट गेली आणि नंतर चार तास आमच्या बाकड्यावर बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आमच्या दुकानातल्या पोरानं पहिल्या दिवशी ‘उद्या दुपारी घेऊन जा’ असं सांगितलं. उद्या रंगपंचमी आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि मी शेजारी उभा असून तो काय सांगतोय ते ऐकलं नाही. ही चूक आमचीच.

आता तुम्ही रिव्ह्यूत इंजेक्टरबद्दल, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांबद्दल, लिहिलंय त्याचं. तुमचे शब्द असे: ‘इंजेक्टर साफ करायला वीस मिनिटं लागतात, सगळ्या व्हिडिओत दाखवतात. यांनी तीन दिवस गाडी अडकवून ठेवली, ४,८०० रुपये घेतले, आणि इंजिन गरम असलं की गाडी अजूनही लवकर चालू होत नाही. ६०० रुपयांची बाटली टाकून हेच काम होतं.’ खाली एक तारा.

खोटं कशाला सांगू, हे वाचून रात्री झोप लागली नाही. परवा एका नव्या गिऱ्हाइकानं गाडी आणायच्या आधी फोन करून विचारलं, ‘तुम्ही गाडी अडकवून ठेवता का हो?’ इंदूरला देवास नाक्याजवळ चौदा वर्षं दुकान चालवतोय, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. टेस्टिंग मशीनचे हप्ते अजून फिटायचेत, दोन पोरांचे पगार आहेत. म्हणून उत्तर जरा लांबेल, राग मानू नका.

पैशांवरून मी भांडत नाही. टेस्टिंग आणि सफाईचे इंजेक्टरमागे ४५० प्रमाणे १,८००, चारही इंजेक्टरचं किट (ओ-रिंगा आणि जाळ्या) १,४००, खोलणं-बसवणं १,२०० आणि स्कॅनरचे ४००, असं बिलावर लिहून दिलंय. महाग वाटलं असेल तर तसं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मनाला लागलं ते ‘वीस मिनिटं’.

वीस मिनिटं लागतात हे अगदी खरं आहे. अल्ट्रासॉनिकच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या टबात एका खेपेला आम्ही इंजेक्टर वीसच मिनिटं ठेवतो. व्हिडिओत तेवढंच दाखवतात, कारण डोळ्याला दिसण्यासारखं तेवढंच असतं. पण गाडीतून त्या टबापर्यंत आणि टबातून परत गाडीत, हा वेळ कुणी धरायचा?

पहिल्या दिवशी तुम्ही साडेचारला आलात, देवासहून थेट. बोनेटला हात लावता येत नव्हता. तुमची ऑक्टाविया १.८ टर्बो पेट्रोल. तिचे इंजेक्टर काढायचे म्हणजे पेट्रोलची रेल, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी, उचलायची, आणि त्या रेलमध्ये साधारण ३ बार दाब असतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो आम्ही, तरी रेलमध्ये थोडं पेट्रोल उरतंच आणि उचलताना सांडतंच. मागच्या बाजूला टर्बो आणि एक्झॉस्ट तापलेले असताना हे काम मी करत नाही. कुणी दुप्पट पैसे दिले तरी करणार नाही. इंजिन हात लावण्याजोगं होईपर्यंत आठ वाजले होते, दुकान बंद करायची वेळ.

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, शहराला सुट्टी, सियागंजचा बाजार बंद, आमचं शटरही बंद. देवासलाही रंग खेळतात, पण तुम्ही पोराच्या शब्दावर विसंबून आलात, त्यात तुमचा दोष नाही. तो दिवस तुम्ही आमच्या खात्यात धरा, मान्य आहे. पण तो दिवस आम्ही ‘अडकवण्या’साठी वापरला असं लिहू नका.

म्हणजे खरं काम झालं ते तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. नऊ तासांत काय केलं ते सांगतो.

आधी चारही इंजेक्टरची कॉइल मीटरवर बघितली. सगळ्या १३ ओहमच्या आसपास, म्हणजे करंटचा दोष नव्हता. मग साफ न करता, आहेत तसेच मशीनवर लावले. बरीच दुकानं ही पायरी गाळतात. आधी किती वाईट होते हे मोजलंच नाही, तर साफ केल्यावर किती सुधारले ते सांगणार कशाच्या जोरावर? कुणी किती सोडलं ते तुमचे आकडे: पहिला ९८ मिलिलिटर, दुसरा ९६, तिसरा ८१, चौथा ९७. सारख्याच दाबाला, सारख्याच वेळात. तिसऱ्याचा फवारा एका अंगाला झुकलेला आणि मधेच सरळ धार पडत होती.

बिनटर्बोच्या गाडीत एवढा फरक पडला तर ती उभी असताना थरथरते, मिसिंग करते, चालवणारा वैतागतो. टर्बोत गोष्ट जास्त गंभीर. हवा-पेट्रोलचं मिश्रण ज्यावरून ठरतं तो ऑक्सिजन सेन्सर एकच असतो, तो चारही सिलिंडरचा मिळून हिशोब बघतो. एकाला पेट्रोल कमी पडलं की कॉम्प्युटर चौघांचं वाढवतो, म्हणजे तिघांना गरजेपेक्षा जास्त आणि त्या एकाला तरीही कमीच. वर टर्बो हवा कोंबायला लागला की पेट्रोलही तेवढंच जास्त लागतं, आणि ही तूट नेमकी तेव्हाच नडते. सिलिंडर तापतो, नॉक सुरू होतो, म्हणजे आतलं पेट्रोल अवेळी भडकतं, आणि नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. तुम्ही सांगितलं होतं ना, बायपासवर ओव्हरटेक करताना पिकअप मेल्यासारखा वाटतो? तो यानंच. असंच दामटत राहिलं तर त्या सिलिंडरच्या पिस्टनचा माथा वितळू शकतो. असा पिस्टन मी हातात धरून पाहिलाय, म्हणून तिसऱ्या इंजेक्टरवर अडून बसलो.

पहिल्या खेपेनंतर तिसरा ९१ पर्यंत आला. तिथं थांबलो असतो तर तुम्हाला गाडी दोन वाजता मिळाली असती आणि हे पाच तारे झाले असते. तो परत टबात घातला, उलट्या बाजूनं फ्लश केला, आतल्या जाळ्या ओढून नव्या बसवल्या. ओ-रिंगही चारही ठिकाणच्या बदलल्या. वीस वर्षांची रबरं होती, नखानं दाबली तर दबत नव्हती, आणि आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं, त्या काळची रबरं त्यासाठी केलेली नव्हती. शेवटचे आकडे: १०१, १००, ९८, १००. सतरा मिलिलिटरचा फरक तीनवर आला. माझे वडील मिलमध्ये फिटर होते. १९९१ ला मिल बंद पडली तेव्हा घरी आणलेली त्यांची मापं आजही माझ्या खणात आहेत. मोजल्याशिवाय जोडायचं नाही, एवढं त्यांनी शिकवलं, ते मी सोडणार नाही.

आता गरम असताना उशिरा चालू होते, त्याबद्दल. हे मी तुम्हाला त्याच दिवशी दाखवलं होतं. गळतीच्या टेस्टमध्ये इंजेक्टर बंद ठेवून दाब देतात, तेव्हा मिनिटाला एक-दोन थेंबांच्या वर पडता कामा नये. तुमच्या तिसऱ्यानं साफ केल्यावरही पाच सोडले. तुम्हाला बाकड्यावरून उठवून काचेच्या नळ्यांपुढे उभं केलं आणि सांगितलं, याची आतली सीट, म्हणजे बंद असताना पेट्रोल अडवणारी जागा, झिजली आहे. टबात चिकटा निघतो, झीज भरून येत नाही. इंजिन बंद केलं की हा थेंब थेंब टपकत राहणार, रेलचा दाब उतरणार आणि पाऊण तासानं सेल्फ मारला की गाडी वेळ घेणार. नवा इंजेक्टर दोन दिवसांत मागवतो म्हणालो. तुम्ही म्हणालात, ‘आहे तोच बसवा, रात्री उज्जैनला पोचायचंय, भस्मारतीचं बुकिंग आहे.’ मी बसवला. महाकालाच्या दर्शनाला निघालेल्या माणसाची गाडी मी रोखणार नव्हतो.

पण ‘तिसरा इंजेक्टर गळतो, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तोच बसवला’ एवढी एक ओळ बिलावर लिहायची राहिली. घाई तुमची होती, विसर माझा. तुम्ही ती गोष्ट लिहिताना गाळलीत, याचं मात्र वाईट वाटलं.

बाटलीचंही सांगतो. इंजेक्टरवर पातळ थर असेल तर चांगल्या बाटलीनं फरक पडतो, मी स्वतः काही गिऱ्हाइकांना बाटलीच टाका म्हणतो. पण जो इंजेक्टर तुंबलाय त्याच्यातून ती कमीच जाणार. आणि कोणता गळतोय हे बाटली सांगत नाही. आमच्याकडे यायच्या आधी दोन बाटल्या टाकून झाल्या होत्या, हे तुम्हीच सांगितलं होतं.

अजून एक गोष्ट, लिहू की नको असं झालं होतं. तिसऱ्या दिवशी दोन वाजता गाडी तयार नाही म्हटल्यावर तुम्ही आमच्या पोराला सगळ्यांसमोर चोर म्हणालात. एकोणीस वर्षांचा आहे तो. चूक तारीख सांगण्याची होती, चोरीची नव्हती. मला हवं ते बोला, मी मालक आहे, पण त्याला बोललेला तो शब्द मागे घ्यावा अशी विनंती आहे.

यापुढे वेळ लेखी द्यायचा प्रयत्न करू, सणवार बघून सांगू, पोरालाही समजावलंय. मशीनचे आकडे आतापर्यंत वहीत ठेवत होतो, ते बिलासोबत द्यायचं बघतो. तुमचं पान वहीत आहे, फोटो पाठवू का?

तिसऱ्या इंजेक्टरचं असं करू. त्याच नंबरचा इंजेक्टर तुम्ही आणा किंवा मी मागवतो. बसवायची मजुरी आणि चौघांची पुन्हा टेस्ट, यांचे पैसे घेणार नाही. फक्त जो येईल तो आधी मशीनवर बाकी तिघांशी जुळतो का ते बघीन, आणि जुळला नाही तर बसवणार नाही, तेव्हा परत रागावू नका. तुमच्या जुन्या ओ-रिंगा आणि जाळ्या एका पिशवीत ठेवल्यात, त्याही घेऊन जा. सकाळी नऊच्या आत गाडी सोडलीत तर बरं, देवासहून येईपर्यंत ती तापणारच, दुपारपर्यंत थंड होईल आणि मग हात घालतो. संध्याकाळी सहाला न्या. या वेळी हा वेळ मी स्वतः सांगतोय.