टनभर लाकडातून ७०० लिटर डिझेल निघत नाही, काका

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. काका निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा ‘बायोमास डिझेल’च्या कारखान्यात घालायचं म्हणताहेत, तू एकदा बोल त्यांच्याशी. काकांना विचारलं तर त्यांनी एक मेसेज पाठवला. तोच मेसेज त्याआधी तीन ग्रुपांवर माझ्याकडे येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा मी गप्प बसले होते. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मेसेज थोडक्यात असा: “एक टन लाकूडफाटा किंवा काडीकचरा यंत्रात टाका, दोन सेकंदांत त्याचं तेल होतं. टनामागे ७०० लिटर डिझेल. थेट इंजिनात चालतं. पूर्णपणे कार्बनमुक्त. अमेरिका-युरोपात सिद्ध झालेलं तंत्रज्ञान. जगभर अफाट मागणी, पण तेल कंपन्या हे दडपून ठेवतात. आजच भागीदार व्हा.”

कारखान्यांच्या बॉयलरमध्ये कोणतं इंधन चालेल आणि कोणतं नाही, हे तपासण्यात माझी बारा वर्षं गेली आहेत. म्हणून आधी त्या ७०० लिटरकडे वळते, कारण पैसे त्याच आकड्यावर मागितले जाताहेत.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल (ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा असते. ७०० लिटर म्हणजे २५,२०० मेगाज्यूल. आणि एक टन पूर्ण वाळलेल्या लाकडात मुळात ऊर्जा असते किती? १८ ते १९ हजार मेगाज्यूल. ताजं तोडलेलं लाकूड जवळजवळ निम्मं पाणीच असतं, त्यातून तर याच्या निम्मीही मिळत नाही. म्हणजे लाकडात जेवढी ऊर्जा आहे त्याहून सहा-सात हजार मेगाज्यूल जास्त हे यंत्र बाहेर काढणार, तेही लाकूड वाळवून, दळून, तापवून झाल्यावर. जगातलं कोणतंही यंत्र हे करू शकत नाही. हा हिशेब करायला इंजिनिअर असावं लागत नाही, कागद-पेन पुरतं. मेसेज पुढे पाठवणाऱ्या शेकडो लोकांपैकी एकानेही तो करू नये, याचा मला खरंच राग येतो.

७०० हा आकडा आला कुठून, तेही सांगते, कारण तो सगळाच हवेतला नाही. लाकडाचा कोरडा भुसा हवा न लागू देता सुमारे ५०० अंशांपर्यंत झटकन तापवला आणि निघालेली वाफ दोन सेकंदांच्या आत थंड केली, तर वजनाच्या ६० ते ७५ टक्के द्रव मिळतो. बाकीचा कोळसा आणि वायू. याला फास्ट पायरोलिसिस म्हणतात आणि हे खरोखर होतं. टनाला ७०० किलो द्रव मिळू शकतो, हे मला मान्य आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने किलोचे लिटर केले आणि द्रवाचं डिझेल केलं. हा द्रव पाण्याहून जड असतो, त्यामुळे ७०० किलोचे लिटर सहाशेही भरत नाहीत. त्याची उष्णता किलोमागे १६ ते १९ मेगाज्यूल, डिझेलच्या निम्म्याहूनही कमी. सगळा मिळून फार तर ३७० लिटर डिझेलइतकी उष्णता देईल, आणि तीही डिझेल म्हणून नव्हे.

‘थेट इंजिनात चालतं’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण कुणीतरी खरंच हे इंजिनात ओतून पाहील.

हे तेल नावापुरतंच तेल आहे. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असतं. त्याचा सामू (पीएच) दोन-तीनच्या आसपास, म्हणजे व्हिनेगरइतकं आम्लधर्मी. साध्या पोलादाला ते गंजवतं, काही प्रकारचं रबर फुगवतं. डिझेलमध्ये ते मिसळतच नाही, ढवळून ठेवलं तरी दोन थर वेगळे होतात. आणि ते टिकत नाही. एकदा एका पुरवठादाराने माझ्याकडे नमुन्याची बाटली पाठवली होती. झाकण काढल्यावर विझवलेल्या शेकोटीचा झोंबरा वास आला. कामाच्या धबडग्यात बाटली तशीच राहिली. काही महिन्यांनी पाहिलं तर वर पातळ पाणचट थर आणि तळाशी डांबरासारखा गाळ. हे साठवणुकीतच घडतं. तापवलं तर आणखी लवकर घडतं, कारण त्यातले रेणू एकमेकांना चिकटत जातात. असा द्रव डिझेल इंजिनाच्या पंपात आणि बारीक नॉझलमध्ये घालायला सांगणाऱ्याने तो एकदाही हाताळलेला नसावा.

याच्यासाठी युरोपात ईएन १६९०० हे मानक आहे. ते औद्योगिक बॉयलरमध्ये जाळायच्या पायरोलिसिस तेलासाठी आहे. मानक करणाऱ्यांनीच हे इंधन बॉयलरचं म्हणून धरलं आहे, आणि बॉयलरमध्येही बर्नर, पंप, टाक्या बदलाव्या लागतात.

‘अमेरिकेत सिद्ध झालंय’ यावर एकच नाव पुरेसं आहे: कायोर. लाकडापासून थेट पेट्रोल-डिझेलसारखं इंधन काढणार म्हणून ही कंपनी २०११ मध्ये शेअर बाजारात आली. मिसिसिपी राज्याने तिला साडेसात कोटी डॉलरचं कर्ज दिलं, कोलंबस या गावी कारखाना उभा राहिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने कंपनीवर आणि तिच्या माजी प्रमुखावर आरोप ठेवला. आरोप कशाबद्दल? टनामागे किती इंधन निघतं, याबद्दल गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याबद्दल. काका, तुमच्या मेसेजमधलं मुख्य वाक्य नेमकं तेच आहे.

युरोपात मात्र काम झालंय, ते नाकारत नाही. नेदरलँड्समधल्या हेंगेलोचा एम्पायरो कारखाना २०१५ पासून चालला आणि त्याचं तेल नैसर्गिक वायूऐवजी एका दूध प्रक्रिया कारखान्यात वाफ करायला गेलं. फिनलंडमध्ये योएन्सूला २०१३ मध्ये वर्षाला ५०,००० टन क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. स्वीडनमध्ये येव्हलेजवळ लाकूड कापण्याच्या कारखान्याच्या भुशापासून तेल काढून ते रिफायनरीत कच्च्या मालात मिसळलं गेलं. यात समान काय आहे ते पाहा. भुसा शेजारीच आणि एकाच जागी मिळतो, घेणारा आधी ठरलेला असतो, आणि तेल बहुतेकदा त्याच देशात वापरलं जातं.

‘जगभर अफाट मागणी’ इथेच कोसळते. इथेनॉलला जागतिक बाजारभाव आहे, लाकडाच्या पेलेट्स (भुसा दाबून केलेल्या कांड्या) जहाजांनी महासागर ओलांडतात. पायरोलिसिस तेलाला असा रोजचा भाव नाही, करार दोघांत होतात. एक मुद्दा मात्र द्यावा लागेल: लाकडाचे तुकडे वाहून नेण्यापेक्षा हे तेल नेणं सोयीचं आहे. एक घनमीटर तेलात सुमारे २० गिगाज्यूल (म्हणजे २० हजार मेगाज्यूल) ऊर्जा बसते, तेवढ्याच जागेतल्या ओल्या तुकड्यांत तीनेक. जंगलाजवळ तेल काढायचं आणि ते दूरच्या कारखान्याला पोचवायचं, ही कल्पना त्यामुळेच मांडली गेली आणि ती चांगली आहे. पण खनिज तेलाच्या साध्या टाक्या आणि पाइपलाइन याला चालत नाहीत. स्टेनलेस स्टील लागतं, वेगळी साठवण लागते, आणि माल जुना होण्याआधी गिऱ्हाइकापर्यंत पोचवावा लागतो. प्रमाणही लक्षात घ्या: योएन्सूच्या प्रकल्पाने पूर्ण क्षमतेने वर्षभर काढलेल्या तेलातली ऊर्जा, जग खनिज तेल जाळतं त्या वेगाने, दोन मिनिटांत संपेल.

तेल कंपन्या दडपतात म्हणे. स्वीडनच्या त्या प्रकल्पात प्रीम ही तेल कंपनीच भागीदार झाली आणि मालही तिच्याच रिफायनरीत गेला. हा मुद्दा एवढ्यावरच सोडते.

राहिलं कार्बनमुक्त. वाया जाणारा भुसा वापरला तर खनिज तेलापेक्षा कार्बन बराच कमी, हे मान्य. पण वाळवणं, तीन-चार मिलिमीटरपर्यंत दळणं, वाहतूक, आणि खरं डिझेल करायचं तर लागणारा हायड्रोजन, जो आज बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतो, या सगळ्यात कार्बन निघतोच. उभं झाड तोडून तेल काढलं तर हिशेब आणखी बिघडतो. युरोपचा कायदा २०२१ पासून सुरू झालेल्या कारखान्यांच्या जैवइंधनाकडून वाहतुकीसाठी किमान ६५ टक्के उत्सर्जन-बचत मागतो. उत्सर्जन आपोआप शून्य असतं तर हा आकडा कायद्यात लिहावा लागला नसता.

काका, पैसे मागणाऱ्याकडून तीन कागद मागून घ्या. वर्षभर भुसा किंवा लाकूड कोण देणार, त्यात ओलावा किती, याचा करार. त्याच यंत्रातून निघालेल्या तेलाचा, ईएन १६९०० नुसार बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासलेला अहवाल. आणि ते तेल जाळायला तयार असलेल्या बॉयलरवाल्याचं सहीचं पत्र. तिन्ही आले की मला पाठवा, मी एकेक ओळ वाचेन. तोवर कशावरही सही करू नका.