‘दोन मुंडकी तयार करा आणि खांबाला जोडा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

टॅक्सिडर्मीत, म्हणजे मेलेल्या प्राण्याचे कातडे साच्यावर चढवून तो जिवंतासारखा दाखवण्याच्या कलेत, हरणांची दोन शिरे एकावर एक अशी एकाच पेडेस्टलवर (जमिनीवर उभ्या खांबाच्या बैठकीवर) कशी बसवतात, या माझ्या लेखावर आपण निपाणीहून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे, की कातडे चढवण्याआधीच्या जुळणीचा मी उगाच बाऊ केला आहे आणि दोन्ही शिरे वेगवेगळी पूर्ण करून शेवटी खांबाला जोडली तरी काम भागते. आपल्या वाड्यातील सांबरांची दोन शिरे आजवर एकेका खिळ्यावर टिकली असून तीही अशीच एका खांबावर घेण्याचा आपला विचार आहे. शिवाय, शिकारीला बंदी असलेल्या देशात ही विद्या सांगावीच कशाला, असेही आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. लेखातील पद्धत अमेरिकेत व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांवर काम करणाऱ्यांची आहे आणि तिथे परवाना घेऊन ठरलेल्या हंगामात ही शिकार कायदेशीर असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बेळगाव जिल्ह्यातील भीमगडच्या रानातील सांबर मारणे तर गुन्हा आहेच, पण टॅक्सिडर्मीचा व्यवसाय करायलाही परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही. मी फायबरची हरणे आणि रेझिनची शिंगे देखाव्यांसाठी करतो, आणि जुळणीचे गणित फायबरलाही तेच लागू पडते.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही शिरांवर कातडे स्वतंत्रपणे चढवावे, हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि मीही तेच लिहिले होते. माझा आग्रह एवढाच आहे, की ती एकमेकांशी कशी बसणार हे त्याआधी, उघड्या फॉर्मवर (ज्यावर कातडे चढते त्या साच्यावर), ठरलेले असावे. भिंतीवर लावायच्या शिराचा फॉर्म मागून सपाट असतो, कारण ती बाजू कोणी पाहत नाही. पेडेस्टल मात्र चारही बाजूंनी दिसतो. त्याचा फॉर्म खांद्याच्या मागेपर्यंत येतो आणि म्हणून कातडेही खांद्याच्या बरेच मागे कापलेले असावे लागते. भिंतीसाठी आखूड कापलेले कातडे नंतर कोणत्याही युक्तीने लांब होत नाही. त्यामुळे शिर भिंतीवर जाणार की पेडेस्टलवर, हा निर्णय फॉर्म मागवतानाच नव्हे, तर कातडे काढतानाच व्हायला हवा.

त्यानंतर प्रश्न येतो शिंगांचा. वरच्या हरणाची छाती खालच्या हरणाच्या शिंगांच्या अगदी जवळ येते. खालच्याची मान डावीकडे आणि वरच्याची उजवीकडे वळवली, तर जागा निघते. दोघांनी एकाच बाजूला पाहिले, तर खालचे शिंग वरच्याच्या छातीत रुततेच, शिवाय सगळे वजन एका अंगाला जाते. रुंद शिंगांचे हरीण वर घ्यावे, असे माझे मत आहे. मोठे जनावर खाली शोभते असे म्हणणारेही आहेत, पण त्यांना छातीपाशी तडजोड करावी लागते. यासाठी कवटीचा शिंगांसहित तुकडा उघड्या फॉर्मवर तात्पुरता स्क्रूने बसवायचा, दोन्ही फॉर्म खांबावर चढवायचे, दोनचार हात मागे जाऊन पाहायचे आणि मग खुणा करायच्या. हे काम तासाभराचे आहे. कातडे वाळल्यावर मात्र शिंगाचा कोन जराही बदलता येत नाही, कारण कपाळावरची शिवण आणि शिंगांच्या बुडाशी ताणून बसवलेली कातडी तोवर कडक झालेली असते.

फॉर्म पॉलियुरेथेन फोमचा असतो आणि नुसत्या फोममध्ये स्क्रू कायमचे वजन पेलण्याइतका धरत नाही, ही गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत राहून गेली आहे. म्हणून जिथे खांब येणार तिथे फोम कोरून प्लायवूडचा ठोकळा चिकटवतात आणि त्यातून आटे असलेला गज घालून मोठ्या वायसरवर नट आवळतात. हे कोरकाम कातडे चढवल्यावर केले, तर धूळ केसांत बसते आणि ड्रिल एकदा जरी घसरला, तर कातडे फाटते. खुणा, भोके आणि गज असे सगळे आधी करून, जोडणी पुन्हा सुटी करून, मग प्रत्येक शिर वेगळे वाळवावे. ओली कातडी जिथे एकमेकांना टेकतात तिथे हवा पोचत नाही आणि केस दबलेल्या स्थितीतच वाळतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर तिथे बुरशी धरायला वेळ लागत नाही. दोन्ही पूर्ण वाळल्यावर जुन्याच भोकांतून गज आवळायचा आणि सांध्यावर झाडाची साल किंवा एपॉक्सी पुटीचे काम करायचे.

तळाबद्दल मी लेखात फारसे लिहिले नव्हते. फोम हलका आणि शिंगे जड, तीही उंचावर आणि पुढे झुकलेली. त्यामुळे लाकडी तळ कितीही देखणा असला, तरी त्याखाली जाड लोखंडी प्लेट हवी. मी ती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कापून घेतो.

राहिली आपल्या वाड्यातील शिरे. ती खांबावर घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगतो. ती भिंतीसाठीच केलेली आहेत, म्हणजे मागून उघडी फळीच दिसणार. शिवाय जुन्या काळी कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण चोळण्याची पद्धत होती, आणि आत पेंढा, प्लॅस्टर किंवा म्हैसूरचे प्रसिद्ध टॅक्सिडर्मिस्ट व्हॅन इंगेन वापरत तसा कागदाच्या लगद्याचा पोकळ फॉर्म असू शकतो. भोक पाडले, की आतली धूळ घरात येईल. हातमोजे आणि मास्क न घालता ती झटकूसुद्धा नका. मालकीचे प्रमाणपत्र आहे का, तेही पाहून ठेवा. वारशाने अशी वस्तू मिळू शकते, विकता मात्र येत नाही. खिळे पावसाळ्याआधी तपासा, आणि भिंतीला ओल येत असेल तर लाकडाच्या दोन पट्ट्या भिंतीला ठोकून फळी त्यांवर टेकवा, म्हणजे मागे बोटभर हवा खेळती राहील.